नातीचे कॉलेजचे तिसरे वर्ष

प्रश्न : आमची नात दहावीपर्यंत आमच्याजवळ दांडिया बाजारातल्या घरी वाढली. जुलै २०२४ मध्ये ती इंग्लंडला, लेस्टर येथे, आईवडिलांकडे गेली आणि तिथल्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात (आपल्या अकरावी-बारावीसारखे) रसायनशास्त्र, जीवशास्त्र व मानसशास्त्र घेऊन ए-लेव्हल, म्हणजे पदवीआधीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, करू लागली. आता तिला संगणकशास्त्राची पदवी घ्यायची आहे. त्यासाठी गणित लागते, म्हणून सप्टेंबर २०२५ पासून दुसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर तिने गणिताचे पहिले वर्षही सुरू केले. त्यामुळे कॉलेजची दोनाऐवजी तीन वर्षे होतील आणि विद्यापीठाचा प्रवेश २०२७ वर जाईल. मुलगा आणि सूनबाई राजी आहेत. नातीसह तिघांनाही तिथे कायम राहण्याची परवानगी मिळालेली आहे. मला मात्र तिचे वर्ष वाया जाईल याची काळजी वाटते. मुलाला काय सांगावे?
— एक आजोबा, वडोदरा

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपली काळजी आपल्याकडच्या अनुभवातून आलेली आहे आणि इथे ती रास्तच ठरली असती. आपल्याकडे बारावीचे साल पुढच्या संधींशी बांधलेले असते. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोनच वर्षे देता येते, त्यामुळे एक वर्ष इकडचे तिकडे झाले तरी घरातले वातावरण बदलते. इंग्लंडमध्ये पदवीच्या प्रवेशाला असे बंधन नाही. तिथे अठराव्या वर्षी जाणारे असतात तसे एकोणिसाव्या वर्षी जाणारेही असतात, आणि विषय बदलल्यामुळे कॉलेजात तिसरे वर्ष काढणे ही काही लपवण्यासारखी गोष्ट नाही. गणिताचे ए-लेव्हल नसताना संगणकशास्त्राच्या बहुतेक चांगल्या अभ्यासक्रमांची दारे बंदच असतात, हे ध्यानात घेतले तर मुलीने वेळेवर आणि समजून पाऊल उचलले आहे, असेच माझे मत आहे.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती बाब आपल्या पत्रात सहज येऊन गेली आहे, ती म्हणजे तिची तिथे जाण्याची तारीख. इंग्लंडच्या विद्यापीठांत स्थानिक विद्यार्थ्याची फी आणि परदेशी विद्यार्थ्याची फी यांत मोठे अंतर असते. स्थानिक विद्यार्थ्याकडून २०२५-२६ मध्ये वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड घेता येतात. परदेशी विद्यार्थ्याला संगणकशास्त्रासाठी बहुतेक ठिकाणी याच्या दुपटीहून अधिक भरावे लागतात. स्थानिक ठरण्यासाठी सर्वसाधारणपणे दोन अटी असतात : कायम वास्तव्याची परवानगी, आणि अभ्यासक्रमाच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवसाआधीची सलग तीन वर्षे तिथले वास्तव्य. शरद ऋतूत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी हा दिवस १ सप्टेंबर धरला जातो. आपली नात जुलै २०२४ मध्ये गेली. म्हणजे १ सप्टेंबर २०२६ रोजी तिची जेमतेम दोन वर्षे आणि एक-दोन महिने होतात आणि १ सप्टेंबर २०२७ रोजी तीन वर्षे पूर्ण झालेली असतात. सुरुवातीला परदेशी म्हणून प्रवेश घेतला तर केवळ पुढे तीन वर्षे भरली म्हणून दर्जा सहसा बदलत नाही, आणि सरकारी शैक्षणिक कर्जासाठीही वास्तव्याची अशीच अट असते. ज्या वर्षाला आपण वाया गेलेले समजत आहात, तेच घरचे हजारो पौंड वाचवू शकते. अंतिम निर्णय प्रत्येक विद्यापीठ घेते, म्हणून मुलाने अर्जाआधीच दोन-तीन विद्यापीठांना लेखी विचारून ठेवावे.

हा लाभ यंदा अर्ज करून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्यानेही मिळू शकला असता, हे खरे आहे. परंतु त्यात गणिताची उणीव तशीच राहते. काही विद्यापीठांत पदवीआधी जोडलेले पायाभरणीचे वर्ष असते, पण त्याची फी भरावी लागते, आणि कॉलेजचे तिसरे वर्ष एकोणीस वर्षे पूर्ण होण्याआधी सुरू होत असेल तर ते सामान्यतः विनाशुल्क असते. तेव्हा या दोन्हींपेक्षा तिची योजना मला उजवी वाटते.

तरीही या योजनेत एक कच्चा दुवा आहे. तिसऱ्या वर्षी तिच्याकडे फक्त गणित उरणार आहे, आणि एका विषयाचे तास आठवड्याला साधारण चार-पाच होतात. आईवडिलांना मिळणारा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, पुढे चालू राहायचा असेल तर कॉलेजच्या देखरेखीखालचा अभ्यास आठवड्याला सरासरी बारा तासांहून अधिक असावा लागतो. शिवाय अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी कॉलेजला सरकारकडून मिळणारा निधी २०१४-१५ पासून सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यापेक्षा कमी करण्यात आला, त्यामुळे तिसऱ्या वर्षाला जागा द्यायला कॉलेजे सहजासहजी तयार होत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये गणिताला बसू दिले याचा अर्थ पुढच्या सप्टेंबरची जागा पक्की झाली असा होत नाही. मुलाने आताच कॉलेजात जाऊन तिसऱ्या वर्षाचे वेळापत्रक लेखी मागावे. गणिताच्या जोडीला एखाद्या स्वतंत्र संशोधन-प्रकल्पाचे प्रमाणपत्र घेता येते, किंवा २०२६ च्या निकालात एखादा विषय कमी पडला तर त्याची परीक्षा पुन्हा देता येते. नुसते गणित घेऊन उरलेला आठवडा मोकळा ठेवणे मात्र मला पटत नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी रिकामा वेळ मुलांना सुस्तावतो.

अर्जाचेही दोन शब्द. पदवीचे जवळजवळ सगळे अर्ज यूकास या एकाच संस्थेमार्फत जातात आणि बहुसंख्य विद्यार्थी शिक्षकांनी अंदाजलेल्या गुणांवर अर्ज करतात. आपल्या नातीजवळ २०२६ च्या शरद ऋतूत तीन विषयांचे प्रत्यक्ष निकाल असतील व अंदाज फक्त गणिताचा लागेल, ही तिची जमेची बाजू आहे. वैद्यकशास्त्रासारख्या काही अभ्यासक्रमांत सर्व विषयांच्या परीक्षा एकाच वेळच्या सत्रात झालेल्या असाव्यात असा आग्रह असतो. म्हणून तिने पसंतीच्या प्रत्येक अभ्यासक्रमाची अट वाचावी. विषय का बदलला हे कॉलेजने आपल्या शिफारसपत्रात नमूद करावे, अशी विनंती तिने आपल्या शिक्षकांना करावी.

तिच्या मैत्रिणी पुढे जातील आणि काही महिने तिला एकटे वाटेल. त्या दिवसांत आजोबांचा फोन आला आणि त्यात वर्षाचा हिशेब न निघता गणिताची चौकशी झाली, तर तिला फार आधार होईल. आणि एक काम आपणच करू शकाल : जुलै २०२४ चे तिचे विमानाचे तिकीट, शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यानंतर ती सुट्टीत वडोदऱ्याला येऊन गेली असेल तर त्या येण्याजाण्याच्या तारखा, हे सारे शोधून मुलाकडे पाठवावे. वास्तव्याचा पुरावा मागितला जाईल तेव्हा हीच कागदपत्रे उपयोगी पडतील.