कंट्रोल-बी कोण खातो?

काहून रे, टीमक्समध्ये (एकाच टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्राम) कंट्रोल-बी चालेना, तर व्हिम (टर्मिनलातला टेक्स्ट एडिटर) बिघडला म्हणून पुन्हा इन्स्टॉल करायला बसलास? थांब जरा. बटण आधी टीमक्सच्या हाती पडतं, उरलं तर व्हिमला मिळतं. व्हिममध्ये कंट्रोल-बी म्हणजे एक पान मागे, आणि टीमक्सचा मूळ प्रीफिक्स, म्हणजे त्याच्या आज्ञांआधी दाबायचं बटण, तेही तेच. लागोपाठ दोनदा दाब, दुसरा व्हिमपर्यंत पोचतो.

प्रीफिक्स बदलून कंट्रोल-ए कर, असं तुला कुणीतरी सांगेलच. मला ते पटत नाही. व्हिममध्ये त्याने आकडा एकाने वाढतो, बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलात कमांड लिहितो तिथं, कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो. दोन्ही मला दिवसभर लागतात. मी कंट्रोल-स्पेस ठेवलाय. पण तू मराठी टायपिंगसाठी तेच बटण लावलं असशील तर तिथंही भांडण.

एस्केप दाबल्यावर व्हिम रेंगाळतो, ते वेगळंच दुखणं. आल्टचा संकेतही एस्केपनेच सुरू होतो, तो पुढं येतोय का, म्हणून टीमक्स थांबून बघतो. जुन्या आवृत्त्यांत तब्बल ५०० मिलिसेकंद. टीमक्सच्या सेटिंगमधला एस्केप-टाइम १० कर. मी याच्यापायी नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर बसून दोन दुपारी कीबोर्डला शिव्या घातल्या होत्या.

आणि कंट्रोल-एस दाबून स्क्रीन गोठली तर बिचाऱ्या टीमक्सचा दोष नाही, ती टर्मिनलची जुनी खोड. कंट्रोल-क्यू दाब, सुटते.

तरी चोर सापडला नाही तर टीमक्सबाहेर साधा व्हिम उघड, इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर लिहितो तो मोड) कंट्रोल-व्ही दाबून ते बटण दाब. तिथं उमटलं आणि टीमक्सच्या आत नाही, तर प्रीफिक्सनंतर प्रश्नचिन्ह दाबून टीमक्सच्या बटणांची यादी बघ.