समुद्रातला मासा पाणी पितो का?

प्रश्न : ताई, परवा गणेश पेठेतून सुरमई आणली आणि सोबत उजनीचा रोहू पण. सुरमईला मीठ लावायचं राहून गेलं तर ती अगदी अळणी लागली, रोहूसारखीच. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहून ती खारट कशी होत नाही? आणि माझी मुलगी विचारते, मासे पाणी पितात का? तिला काय सांगू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मुलीला सांगा, सुरमई पिते आणि रोहू जवळजवळ पीत नाही. ऐकायला उलटं वाटेल पण खरंच तसं आहे.

खमंग काकडी करताना चोचवलेल्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, समुद्रातल्या माशाचं चोवीस तास तेच चालू असतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि माशाच्या रक्ताचा खारेपणा त्याच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. म्हणजे पाण्यात राहून मासा सुकत असतो! ते भरून काढायला तो समुद्राचंच पाणी पितो, किलोभर वजनाचा मासा तासाला साधारण 1 ते 5 मिलीलिटर. 1930 साली होमर स्मिथ या शास्त्रज्ञाने वाम माशाच्या जातीतल्या ईलना रंग घातलेल्या खाऱ्या पाण्यात ठेवलं, तो रंग त्यांच्या आतड्यात घट्ट होत गेलेला दिसला, म्हणजे पाणी पोटात जात होतं आणि तिथून शोषलं जात होतं.

पण नुसतं खारं पाणी पिऊन तहान भागत नाही, आपण प्यायलो तर उलट जास्त कोरडे पडू. माशाची किडनी तर रक्तापेक्षा खारट लघवी करूच शकत नाही. मग खरं काम करतं ते आतडं, जे आपण मासा साफ करताना घाण म्हणून पहिल्यांदा फेकतो, आणि मला याचंच फार कौतुक वाटतं.

सुरुवात अन्ननलिकेपासून होते. तिथे मीठ काढून घेतलं जातं पण पाणी तिच्यातून फारसं आरपार जात नाही, त्यामुळे आतड्यात पोचेपर्यंत पाण्याचा खारेपणा निम्म्यावर आलेला असतो. मग आतड्याच्या पेशी सोडियम आणि क्लोराइड आत ओढतात, त्यासाठी पेशींच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम बाहेर टाकणारे पंप असतात आणि त्यांना भरपूर शक्ती लागते, आणि मीठ गेलं की त्याच्या मागे पाणी जातं. ते शोषलेलं मीठ शेवटी कल्ल्यांमधल्या खास पेशी समुद्रात परत टाकतात. म्हणजे आधी मीठ घ्यायचं, पाणी मिळवायचं, मग मीठ फेकायचं, असा सगळा महागडा व्यवहार आहे.

एक गोष्ट अजून भारी आहे. आतडं त्या पाण्यात बायकार्बोनेट सोडतं, त्यामुळे कॅल्शियम कार्बोनेटचा खडूसारखा पांढरा साका बसतो, अगदी बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने गीझरच्या रॉडवर थर बसतो तसाच. विरघळलेले क्षार असे घट्ट होऊन बाजूला पडले की उरलेलं पाणी कमी खारट होतं आणि अजून पाणी शोषता येतं. हे पांढरे दाणे मासा विष्ठेतून टाकतो. 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज केला की समुद्रात तयार होणाऱ्या एकूण कार्बोनेटपैकी 3 ते 15 टक्के असं माशांच्या आतड्यातून येत असावं. मॅग्नेशियम आणि सल्फेट, म्हणजे आपण ज्याला जुलाबाचं मीठ म्हणतो त्यातलेच दोन घटक, ते बहुतेक आतड्यातच राहतात आणि मागून निघून जातात.

रोहूचं सगळं उलट, त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरत राहतं म्हणून तो पीत नाही, भरपूर पातळ लघवी करतो आणि मीठ कल्ल्यांनी पाण्यातून आणि आतड्याने खाण्यातून मिळवतो. आणि जिताडा, खाडीतही राहतो आणि समुद्रातही, त्याला पाणी बदललं की काही दिवसांत आतडं आणि कल्ले दोन्हीची कामाची पद्धत बदलावी लागते, हे काम कॉर्टिसॉल नावाचा हार्मोन करून घेतो.

मुशीची, म्हणजे छोट्या शार्कची, गोष्ट मात्र वेगळी. ती रक्तात युरिया साठवून आपला खारेपणा समुद्राएवढा किंवा थोडा जास्तच ठेवते, त्यामुळे तिला पाणी प्यायची फारशी गरजच पडत नाही, आणि जादाचं मीठ आतड्याच्या शेवटी असलेली एक ग्रंथी बाहेर टाकते. शिळ्या मुशीला जो अमोनियाचा उग्र वास मारतो तो याच युरियाचा, म्हणून मुशी घ्याल तेव्हा त्याच दिवशीची ताजी घ्या.