मुलांसाठी नाटकं करणाऱ्या कलावंतांना मदत करायची आहे. बालनाट्य स्पर्धा भरवावी का?

स्पर्धा नको.

तुम्ही लिहिलंय की मंडळाकडे थोडा निधी आहे, त्यातून मुलांसाठी नाटकं करणाऱ्यांना पाठबळ द्यायचंय आणि ‘जास्तीत जास्त मुलांपर्यंत पोहोचायचंय’. ही शेवटची अट वाचून माझा जुना राग वर आला, म्हणून उत्तर लांबणार आहे.

मी तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी नाटकं करते. आमच्या एका नाटकात सगळा खेळ सावल्यांचा आहे, बोलणं जेमतेम. मुलं जमिनीवर बसतात, नट त्यांच्यापासून हातभर लांब. पन्नास मुलं, त्यावर एकही नाही. हा काही आमचा नखरा नव्हे. तालमींनाच आम्ही मुलं बोलावतो, कुठे नजर ढळते ते बघतो. चौथ्या रांगेपलीकडे कागद चुरगळल्याचा आवाज पोहोचत नाही, आणि तो आवाज गेला की गोष्टच जाते, हे आम्हाला मुलांनीच दाखवलं.

एका संयोजकांनी हा प्रयोग ठरवला. पन्नासाची अट लेखी मान्य केली. आम्ही पोहोचलो तर तीनशे मुलं! पुढच्या दोन रांगांत खुर्च्या, त्यांत पाहुणे. वर दिवे मालवायचे नाहीत, कारण फोटो काढायचेत. सावल्यांचं नाटक, लख्ख उजेडात. मी म्हटलं, मुलांचे सहा गट करू, आज दोन खेळ करते, उरलेले पुढे कधीही, जास्तीचे पैसे देऊ नका. त्यावर ते म्हणाले, “ताई, मानधन तेवढंच मिळतंय, मुलं जास्त बघतायत. तुमचं काय बिघडलं?”

मग भाषणं. तोवर मुलांची शू-पाणी सुरू झालेली. प्रयोग झाला, म्हणजे आम्ही तो शेवटापर्यंत रेटला. मागे रडारड. एक पोरगा सरपटत पाहुण्यांच्या खुर्चीखाली जाऊन बसला; त्या दालनात खरीखुरी सावली फक्त त्याला मिळाली असेल. अहवालात ‘तीनशे बालकांनी लाभ घेतला’ असं छापून आलं आणि आम्हाला सल्ला मिळाला, जरा गाणीबिणी टाका.

काय बिघडलं, ते तेव्हा सांगायचं राहिलं. त्यातल्या बहुतेक मुलांचं ते आयुष्यातलं पहिलं नाटक होतं. नाटक म्हणजे मोठ्या माणसांच्या पाठी बघत गप्प बसणं, हे ती शिकून गेली. यांना पुढे प्रेक्षक कोण बनवणार? लंडनची ‘ऑयली कार्ट’ ही मंडळी १९८१ पासून नाटकं करतायत. गुंतागुंतीचं अपंगत्व असलेल्या मुलांसाठीच्या त्यांच्या खेळांना एका वेळी मोजकीच मुलं असतात. स्टॉकहोमला दिग्दर्शिका सुझान ऑस्टेन यांनी २००६ साली सहा ते बारा महिन्यांच्या बाळांसाठी नाटक बसवलं. आमच्या संयोजकांनी या सगळ्यांना तोट्याचा धंदा म्हणून कटवलं असतं.

आता तुमच्या निधीबद्दल. तो तालमीला द्या. देणगीदाराला प्रयोगाचे पैसे द्यायला आवडतं, कारण प्रयोगाला बॅनर लावता येतो. पण मुलांच्या नाटकाचं निम्मं काम त्याआधीच होतं: लिहिणं, मुलांपुढे करून बघणं, फसलेलं फाडून पुन्हा लिहिणं. ते सगळं बहुतेक वेळा नट-लेखकांच्या खिशातून. लहान मुलाचं तिकीट स्वस्त ठेवावं लागतं आणि प्रेक्षक मोजके, त्यामुळे तिकिटातून हा खर्च निघत नाही, कितीही प्रयोग लागले तरी. लेखकाचं मानधन वेगळं काढा; नाहीतर दिग्दर्शकच रात्री जागून संहिता लिहितो आणि ती तशीच दिसते. पैसे कमी पडत असतील तर तालमीला एक खोली द्या, नेपथ्य ठेवायला कोरडी जागा द्या. चषकापेक्षा ती फार उपयोगाची.

दरवर्षी नवीन नाटकाचा हट्टही धरू नका. आमचा प्रेक्षक दोन-तीन वर्षांत मोठा होऊन निघून जातो आणि दारात नवा उभा असतो. त्याच्यासाठी आमचं जुनं नाटक कोरंच असतं. चांगलं नाटक चालू ठेवायला मदत केलीत तर तेच दहा वर्षं चालेल. पण ‘हे तर मागे झालंय’ म्हणून निधी नाकारला जातो. कोण म्हणतं हे? पन्नाशीचे विश्वस्त.

आणि विषय तुम्ही देऊ नका. पाणी वाचवा, दात घासा, मोबाइल सोडा... या यादीतून नाटक होत नाही, सूचनाफलक होतो. बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ या मुलांच्या नाट्यगृहाची सुरुवात १९६६ची, नाटककार फोल्कर लुडविग यांनी केलेली. तिथे मोठे नट मुलांच्या भूमिका करतात आणि मुलांच्या घरातल्या, शाळेतल्या खऱ्या भांडणांवर नाटकं होतात. मुलांच्या बाजूने उभं राहायचं तर कधीकधी पालकांना टोचावं लागतं, आणि देणगीदार बहुधा पालकच असतो.

२० मार्चला जागतिक बाल-युवा रंगभूमी दिन असतो. त्या सुमाराला मला भरपूर फोन येतात, फुकट प्रयोग कराल का म्हणून. तुमचा फोन तसला नसावा.

हे सगळं मी अगदी लहान मुलांच्या नाटकापुरतं बोलतेय, हे आधीच सांगायला हवं होतं. मोठ्या प्रेक्षागृहात हजार मुलांपुढे रंगणारी नाटकं असतात, उत्तम असतात. ती त्या मापाने बांधलेली असतात. म्हणून किती मुलं, हे आधी करणाऱ्याला विचारा. स्पर्धेतून काहींना पहिला रंगमंच मिळाला, हेही नाकारत नाही. समितीला स्पर्धाच हवी असेल तर प्रेक्षागृहात मुलं असू द्यात, नुसते परीक्षक नकोत. आणि बक्षिसाची रक्कम विजेत्यांना पुढच्या नाटकासाठी द्या, त्याची पहिली तालीम व्हायच्या आत.