दारावरची बेल अडकते तेव्हा

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाबद्दल आलेली पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. पुण्यात रक्तविकारांवर उपचार करताना हेच प्रश्न मला समोर बसलेल्या घरच्यांकडूनही रोज ऐकू येतात.

प्रश्न (हडपसर) : मिस्टरांच्या पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजार निघाल्या, पाणथरी (प्लीहा) वाढली आहे. रिपोर्टमध्ये ‘फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह’ लिहिलंय. म्हणजे काय? आमच्या मुलांनाही होईल का?

मुलांचं आधी सांगते : हा आजार आईवडिलांकडून मुलांत उतरत नाही. बिघाड मिस्टरांच्या अस्थिमज्जेतल्या एका पेशीत झाला आणि तिच्या पिलावळीत पसरला. मुलांच्या तपासण्या करत बसू नका.

नाव शहरावरून पडलं. 1960 मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. ते आखूड का, हे 1973 मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं : 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटले होते. या चुकीच्या सांध्यावर बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुकं जोडली जातात आणि ‘बीसीआर-एबीएल’ हे नवंच प्रथिन तयार होतं.

नुसतं एबीएल तुमच्या-माझ्या पेशीतही असतं. त्याचं काम निरोप्याचं. एटीपी या पेशीच्या इंधनातला फॉस्फेट काढून तो दुसऱ्या प्रथिनाला लावायचा. फॉस्फेट लागला की ते प्रथिन जागं होतं, पुढच्याला जागं करतं, आणि ‘वाढा’ हा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो. बॅटरीवरची दाराची बेल डोळ्यांपुढे आणा. बटणावरचं बोट उचललं की ती थांबते. बीसीआर चिकटलेल्या एबीएलचं बटण मात्र आत अडकलेलं असतं. कुणी दाबलेलं नसताना बेल वाजत राहते, पेशी वाढत राहतात आणि वेळ भरली तरी मरत नाहीत.

या आजारावरची इमॅटिनिबची गोळी अडकलेलं बटण सोडवत नाही. ती बॅटरीच्या खणात, एटीपीच्या जागेवर, जाऊन बसते. ब्रायन ड्रुकर आणि निकोलस लिडन या संशोधकांच्या कामातून आलेल्या या औषधाला 2001 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या मोठ्या चाचणीत रुग्णांवर दहा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवलं गेलं, तिच्यात इमॅटिनिबने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे 83 टक्के दहा वर्षांनंतर हयात होते. मिस्टरांना हा आकडा जरूर सांगा.

प्रश्न (चिंचवड) : वडिलांचा पांढऱ्या पेशींचा काउंट इमॅटिनिबने दोन महिन्यांत नॉर्मल आला. आता ते ‘मला काही होत नाही’ म्हणून मधेच चार-चार दिवस गोळी घेत नाहीत. त्यात वारीला निघालेत. एकादशीला उपाशीपोटी गोळी कशी घ्यायची?

या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. काउंट नॉर्मल आला म्हणजे आवाज थांबला, बटण अजून अडकलेलंच आहे. इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण साधारण 18 तासांत निम्म्यावर येतं. चार दिवस गोळी नाही, म्हणजे खण रिकामा आणि बॅटरी परत जागेवर. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या 87 रुग्णांच्या अभ्यासात (2010) गोळीच्या डबीच्या झाकणात चिप बसवून मोजणी केली होती. 90 टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत अपेक्षित खोल परिणाम (बीसीआर-एबीएल 0.1 टक्क्यापर्यंत उतरणं) मिळण्याची शक्यता 94.5 टक्के निघाली. त्याहून कमी घेणाऱ्यांत ती 28.4 टक्के होती. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की माणूस 90 टक्क्यांवर येतो. वडिलांच्या तर एका खेपेला चार चुकतात.

म्हणून काउंटवर समाधान मानू नका, रक्तातली बीसीआर-एबीएलची पातळी बघा. ती तीन महिन्यांनी 10 टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी 1 टक्क्यापर्यंत आणि वर्षाने 0.1 टक्क्यापर्यंत उतरलेली असावी.

वारीला अडवू नका. डॉक्टरांना एकदा दाखवून खुशाल जाऊ द्या. पुरतील त्याहून आठवडाभराच्या गोळ्या जास्त द्या, प्लॅस्टिकच्या डबीत, पावसात भिजणार नाहीत अशा. दिंडीत रात्रीची पंगत ठरलेली असते, त्याच जेवणाबरोबर मोठा पेलाभर पाण्याने गोळी घ्यायची. एकादशीला साबुदाण्याची खिचडी किंवा भगर पोटात गेली की पुरे, पोट अगदी रिकामं नको. एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. आणि एक गोष्ट त्यांना हळूच विचारा : रात्री पोटऱ्यांत गोळे येतात का, डोळ्यांखाली सूज येते का, मळमळतं का? हे याच गोळीचे त्रास आहेत. पुष्कळ माणसं ‘मला काही होत नाही’ म्हणतात आणि गोळी सोडतात ती या त्रासापायी. त्यावर उपाय करता येतात, पण डॉक्टरांना कळलं तर.

प्रश्न (कोथरूड) : जेनेरिक गोळी इतकी स्वस्त कशी? हलकी असते का?

नाही, औषध तेच. नोव्हार्टिस कंपनीने या औषधाच्या एका स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितलं होतं. ते 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) वर बोट ठेवून नाकारलं. भारतीय कंपन्या ही गोळी बनवतात म्हणूनच ती आपल्या रुग्णांच्या आवाक्यात आहे. फक्त दर महिन्याला कंपनी बदलू नका.

प्रश्न (भोर) : आई एकही गोळी चुकवत नाही, तरी पातळी 0.08 वरून 2 टक्क्यांवर गेली. असं का?

मधल्या काळात टीबीचं औषध सुरू झालं होतं का? रिफाम्पिसिनमुळे यकृत इमॅटिनिब फार लवकर संपवतं. फिटच्या काही गोळ्यांनीही तेच होतं. आयुर्वेदिक काढे घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

असं काही नसेल तर म्युटेशनची, म्हणजे बीसीआर-एबीएलमध्ये नवा बदल झालाय का याची, तपासणी करावी लागेल. कधी त्या खणाचाच आकार बदलतो. टी315आय या बदलात इमॅटिनिबच काय, डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब ही त्यानंतरची औषधंही तिथे बसत नाहीत. पोनॅटिनिब बसतं, पण ते रक्तवाहिन्यांना त्रासदायक ठरू शकतं. ॲसिमिनिब तर खणाकडे जातच नाही, प्रथिनाच्या दुसऱ्याच जागी बसून त्याला बंद करतं. म्हणजे आईसाठी वाटा आहेत. रिपोर्टसाठी पुढच्या महिन्याची वाट मात्र बघू नका.

प्रश्न (धनकवडी) : वय 29, चार वर्षं इमॅटिनिब घेते आहे. आम्हाला बाळ हवंय. गोळी कधी तरी थांबते का?

काहींची थांबते. गोळी काही वर्षं घेतलेली हवी आणि पातळी सलग दोन वर्षं तरी 0.01 टक्का किंवा त्याखाली असायला हवी. अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना नंतर गोळी लागत नाही. उरलेल्यांचा आजार बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांतच डोकं वर काढतो आणि गोळी परत सुरू केली की जवळजवळ सगळ्यांचा पुन्हा आटोक्यात येतो. म्हणून थांबल्यावर सुरुवातीला दर महिन्याला तपासणी लागते.

गोळी चालू असताना दिवस राहू देऊ नका. गर्भाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, धोका असतो. पाळी चुकली तर त्याच दिवशी फोन करा. गरोदरपणात आजार उलटला तर इंटरफेरॉन या इंजेक्शनचा आधार घेता येतो, तेव्हा घाबरून जाऊ नका. आधीचे सगळे बीसीआर-एबीएल रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि तुम्ही दोघं रक्तविकारतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही भेटा. तोवर आजची गोळी आज घ्या.