४० फुटी यॉटला इलेक्ट्रिक मोटर बसवावी की डिझेल इंजिन? मुंबईहून अलिबाग आणि वर्षातून एकदा गोवा करायचंय. इलेक्ट्रिकमध्ये दम नसतो म्हणतात, खरंय का?

गोव्याला जायचं तर डिझेल, विषय संपला. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते, इंजिनाने दोन तृतीयांश उष्णतेत घालवली तरी ३ युनिट बोटीच्या पंख्याला (प्रोपेलरला) मिळतात. तेवढ्यासाठी लिथियम बॅटरी २०-२५ किलोची लागते. आता ५०० लिटरच्या टाकीचा हिशोब करा.

पण ते "दम नसतो" वाचलं आणि राहवलं नाही. माझं दोंडाईच्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आमच्या दाजींनी तापीवरच्या सारंगखेडा बॅरेजच्या पाण्यात फिरवायला जुनी केबिनवाली बोट घेतली, तिचं खराब इंजिन काढून मी मोटर आणि बॅटरी बसवून दिली, आणि बजावून सांगितलं की ताशी ६ किलोमीटरनं चालवा, दिवसभर फिराल. दत्ताच्या यात्रेला पाहुणे आले, दाजींनी लिव्हर पुढे दाबला तो सोडलाच नाही. तासाभरात बॅटरी खाली, मासेमारीच्या होडीला दोर बांधून ओढत आणलं, सगळं गाव काठावर. तेव्हापासून लग्न असो की उत्तरकार्य, चार लोकांत मला ऐकवतात, "तुन्ही मोटरमा दमच नही शे."

दम होता म्हणूनच तर तेवढी पळाली ना! पाण्यात स्पीड दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते, म्हणजे तीच बॅटरी आठव्या हिश्श्याच्या वेळात संपते, आणि स्पीड दुप्पट असूनही अंतर चौथाईवर येतं. डिझेललाही हाच नियम आहे, फक्त टाकीत माल भरपूर असतो म्हणून कोणाला कळत नाही. उलट मोटर शून्यापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देते, धक्क्याला बोट लावताना डिझेल तिच्यापुढे काहीच नाही. आणि केरळात वैकमला २०१७ पासून ७५ प्रवाशांची सोलर फेरीबोट चालतेय, रोजच्या पॅसेंजरची, हौसेची नाही. दाजींना हे दाखवलं तर म्हणे तिकडचं पाणी वेगळं.

तुमचं अलिबाग मात्र होऊ शकतं, गेटवे ते मांडवा, म्हणजे अलिबागकडचा धक्का, १५-२० किलोमीटर, सावकाश जायची तयारी आणि धक्क्यावर चार्जिंगची सोय हवी. समोरून वारा किंवा ओहोटी आली की खप वाढतो, म्हणून निम्मी बॅटरी परतीला राखायची. उन्हात बॅटरीचं आयुष्य घटतं, आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असते, मी ती केबिनखाली हवेशीर ठेवली. खाऱ्या पाण्यात कनेक्टर सडतात हेही धरा. डीलरकडून रेंज कोणत्या स्पीडची ते लेखी घ्या, आणि लिव्हरजवळ किलोवॅटचा मीटर मोठा, पाहुण्यांनाही दिसेल असा बसवा.