कॉफीचा कप नेहमी काठोकाठ का भरला जातो, आणि उचलला की का सांडतो?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या कटकटी आहेत. ओतताना कप हवा त्यापेक्षा जास्त भरतो, ही पहिली. तोच कप टेबलापर्यंत नेताना पहिली काही पावलं सगळं ठीक असतं आणि मग अचानक कॉफी हातावर येते, ही दुसरी. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मी इतका धांदरट आहे का?’ माझ्या मते नाही. आकडे मांडून पाहिले तर या प्रकरणात धांदरटपणाला फार थोडी जागा उरते.

आधी ओतण्याचं बघू. ८ सेंटिमीटर व्यासाचा उभट मग घ्या. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटिमीटर येतं, म्हणजे पातळी १ मिलिमीटर वर चढायला ५ मिलिलिटर, एक छोटा चमचा, पुरतो. किटलीतून सेकंदाला ५० मिलिलिटर पडतंय असं धरा. पातळी सेकंदाला १ सेंटिमीटर चढणार. ‘आता बस’ असं डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंत निदान ०.२ सेकंद जातो, तेवढ्यात २ मिलिमीटर वाढले. हात हलला तरी किटली सरळ होईपर्यंत धार चालूच असते, आणि जी धार आधीच हवेत आहे ती तर परत जाणार नाही. ती १० सेंटिमीटर उंचीवरून येत असेल तर तिला खाली पोहोचायलाच ०.१४ सेकंद लागतो. सगळं मिळून तुम्ही थांबायचं ठरवल्यानंतर कप सुमारे अर्धा सेंटिमीटर आणखी भरतो. तेव्हा ‘काठापासून अर्धा सेंटिमीटर राहिला, थांबूया’ असा निर्णय कितीही दक्ष माणसाने घेतला तरी कप काठोकाठच होणार. निर्णय बरोबर असतो, फक्त उशिरा घेतलेला असतो.

त्यातच अजून दूध आणि साखर बाकी असते. ३० मिलिलिटर दूध म्हणजे याच मगात ६ मिलिमीटर. साखर विरघळते म्हणून ती जागा घेत नाही असं अनेकांना वाटतं, पण घेते. दोन छोटे चमचे साखर साधारण १ मिलिमीटर पातळी वाढवते. आणि ढवळायला घातलेला चमचा स्वतःच्या आकारमानाइतकी कॉफी वर ढकलतो तो वेगळाच.

डोळेही इथे पुरती साथ देत नाहीत. आतून गडद रंगाच्या मगात गडद कॉफीची पातळी कुठे आहे ते वाफेतून नीट दिसत नाही. फेस असेल तर आपण फेसाची उंची बघत असतो, कॉफीची नाही. कपाचा आकारही फसवतो. पोट मोठं आणि तोंड अरुंद असलेल्या कपात पातळी वर येते तशी वेगाने चढू लागते, नेमकी जिथे आपल्याला सावकाश जायचं असतं तिथे. म्हणून मला आतून पांढरे, सरळ भिंतींचे मग आवडतात. ही काही दिसण्याची हौस नाही, त्यात पातळी खरंच दिसते.

कानांचा उपयोग मात्र आपण फार कमी करतो. कप भरत जातो तशी वरची हवेची पोकळी लहान होते आणि ओतण्याचा आवाज बारीक, चढा होत जातो. आवाज चढायला लागला की हात आखडता घ्यायचा, ही सवय थोड्याच दिवसांत लागते. ज्यांना दिसत नाही अशी अनेक माणसं अशीच आवाजावरून कप भरत आल्याचं ओळखतात. शिवाय त्यांच्यासाठी कपाच्या काठावर अडकवायचं एक छोटं यंत्रही मिळतं. पातळी त्याच्या टोकांना लागली की ते वाजतं.

पण मला विचाराल तर जास्त भरण्याचं सगळ्यात मोठं कारण भांड्यात उरलेली घोटभर कॉफी. ती टाकवत नाही, तेवढ्यासाठी दुसरा कप घेववत नाही, म्हणून ती याच कपात जाते. हे रोज घडत असेल तर दोष ओतण्यात नाही, मापात आहे. सकाळी पाणी तापवण्याआधीच ते त्याच कपाने मोजून घ्या: काठापासून दोन सेंटिमीटर खालपर्यंत पाणी भरा, दूध घालणार असाल तर तेवढं कमी करा, आणि मग ते किटलीत ओता. दळलेली कॉफी गाळणार असाल तर चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, तेवढं जास्त घ्या. भांड्यात उरणारच नसेल तर हात कितीही सैल असला तरी कप ओसंडणार नाही. आणि एवढं मोजूनही कॉफी कमी पडते असं वाटलं तर सरळ मोठा मग घ्या. २५० मिलिलिटर कॉफी हवी असेल तर निदान ३२५ मिलिलिटरचा मग लागतो. काठापर्यंतचं आकारमान हे पिण्याचं प्रमाण समजून कप विकत घेतले जातात, तिथूनच अर्धा त्रास सुरू होतो.

आता कप भरून झालाय, काठाच्या किंचित वर कॉफी फुगलेली दिसते आणि तरी सांडत नाही. हे पृष्ठताणामुळे. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो आणि काठ कोरडा असेल तर काठाच्या एक-दोन मिलिमीटर वरही कॉफी धरून ठेवतो. पण हे धरणं फार नाजूक असतं. एकदा का काठ एका ठिकाणी ओला झाला की तिथून ओघळ सुरू होतो आणि फुगवटा उतरेपर्यंत थांबत नाही. चमचा टेकवला, कपाचा कान धरला, एवढंही पुरतं.

अशा वेळी जवळजवळ सगळे एक गोष्ट करतात: कप अलगद तिरका करून जास्तीची कॉफी दुसऱ्या भांड्यात ओततात. कृपा करून हे करू नका. हळू ओतलेली धार काठावरून सुटत नाही, ती कपाच्या बाहेरच्या अंगाला चिकटून बुडापर्यंत जाते आणि तिथून ओट्यावर पडते. चहादाणीच्या तोटीतूनही असंच गळतं, आणि द्रवांचं वाहणं अभ्यासणारे संशोधक मार्कुस राइनर यांनी १९५६ मध्ये या प्रकाराला चहादाणीचंच नाव दिलं. धार वेगात असेल तर ती काठापासून सुटते, पण काठोकाठ भरलेल्या गरम कपातून वेगात कोण ओतणार! त्यापेक्षा कप जागेवरच ठेवा आणि मोठ्या चमच्याने तीन-चार चमचे कॉफी काढून घ्या. १५ मिलिलिटरचा एक चमचा म्हणजे ३ मिलिमीटर. चार चमच्यांत सेंटिमीटरभर मोकळी जागा मिळते. वाकून ओठांनी घोट घेणं मला पसंत नाही. नुकतीच ओतलेली कॉफी जीभ पोळण्याइतकी गरम असते.

आता नेण्याचं. काही पावलं नीट जातात आणि मग एकदम सांडतं, हे तुमचं निरीक्षण अगदी अचूक आहे. हान्स मायर आणि रुस्लान क्रेचेत्निकोव्ह या दोघांनी यावर खरोखर प्रयोग केले आणि २०१२ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात ते मांडले. त्यांच्या निरीक्षणात कॉफी बहुधा सातव्या ते दहाव्या पावलाच्या दरम्यान सांडते. त्याच वर्षी त्यांना या कामासाठी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा गमतीदार पुरस्कार. लोकांना हसू आलं असेल, पण काम पक्कं आहे.

कारण असं. कपातल्या द्रवाला आपली अशी एक हिंदकळण्याची लय असते. नेहमीच्या आकाराच्या कपांत ती सेकंदाला २.६ ते ४.३ वेळा इतकी पडते. आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. प्रत्येक पावलासोबत कपाला मुख्य धक्का बसतो, आणि त्याच्या दुप्पट लयीतले लहान हेलकावेही त्यात मिसळलेले असतात. दोनाची दुप्पट चार, म्हणजे थेट कॉफीच्या लयीच्या टप्प्यात. झोक्याला योग्य वेळी दिलेला हलका धक्काही झोका उंच नेतो, तसं प्रत्येक पाऊल आधीच्या हेलकाव्यात थोडी भर घालतं. पहिल्या पावलांना काही दिसत नाही, कारण भर साठत असते. त्यातून चालायला सुरुवात करताना बसणारा झटका पहिला हेलकावा देऊन जातो.

गंमत म्हणजे कप कमी भरल्याने ही लय फारशी बदलत नाही. आपल्या ८ सेंटिमीटरच्या मगात ४ सेंटिमीटर खोल कॉफी असली काय आणि ७ असली काय, फरक दोन-तीन टक्क्यांचा. ती ठरते मुख्यतः कपाच्या रुंदीवरून. रुंद कप सावकाश हिंदकळतो, अरुंद कप भरभर. मग कमी भरून फायदा काय? फायदा आहे तो वरच्या मोकळ्या भिंतीचा. काठाखाली ३ मिलिमीटर जागा असेल तर हा मग जेमतेम ४ अंशांनी कलला की कॉफी काठाला लागते. ४ अंश म्हणजे जवळजवळ काहीच नाही. कोणाचाही हात तेवढा हलतो. तेच १.५ सेंटिमीटर सोडलं तर २० अंशांपर्यंत मुभा मिळते. चार अंशांत कॉफी सांभाळायची अपेक्षा आपण स्वतःकडून का करावी?

तरीही भरलेला कप न्यायची वेळ आली तर पहिलं पाऊल अगदी हळू टाका, पावलांचा वेग नेहमीपेक्षा कमी ठेवा, आणि कॉफी हिंदकळायला लागलेली दिसली की तिथेच थांबा. थांबलं की ती हळूहळू शांत होते आणि साठलेली भर ओसरते. पाच-सहा पावलांनी क्षणभर थांबणं हा मला सापडलेला सगळ्यात साधा उपाय आहे. फेसाची कॉफी कमी सांडते हेही खरं आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बुडबुड्यांचे पाच-एक थर असले तरी हेलकावे चांगलेच दबतात असं दिसलं, कारण बुडबुडे भिंतीला घासतात आणि हेलकाव्याची ऊर्जा तिथे खर्च होते. कोरियाच्या जिवॉन हान याने कप वरून पंज्याने धरणं आणि उलट चालणं हे दोन उपाय तपासले. २०१७ चं इग नोबेल त्यालाही मिळालं. पंज्याने धरणं झाकण असलेल्या कपाला ठीक आहे. उघड्या कपावर तळहात वाफेत जातो. उलट चालण्याचा सल्ला मी गरम कॉफी हातात असलेल्या कोणालाही देणार नाही.

घरात लहान मुलं असतील तर मात्र हा विषय चिडचिडीपुरता राहत नाही. ६० अंश सेल्सिअसचा द्रवही काही सेकंदांत त्वचा खोलवर भाजू शकतो आणि ताजी कॉफी त्याहून गरम असते. मूल पायाशी घुटमळत असताना भरलेला कप उचलूच नका. सांडलीच तर भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको. फोड मोठे असतील किंवा मूल लहान असेल तर डॉक्टरांकडे जा.

राहिला टेबलावरच्या गोल डागाचा प्रश्न, जो तुम्ही जाता जाता विचारलाय. थेंब सुकताना त्याची कड जागेवर चिकटून राहते आणि तिथलं पाणी आधी उडतं. त्याची भरपाई करायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि कॉफीचे बारीक कण सोबत नेतं, म्हणून डाग मध्ये फिका आणि कडेला गडद दिसतो. रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे उलगडून दाखवलं. कडा तयार व्हायला थेंब सुकावा लागतो, तेव्हा ओला आहे तोवर पुसला की काम झालं. आणि पुसताना टेबलाआधी कपाचं बूड पुसा, नाहीतर पुढच्या जागी तसाच डाग पडेल.