वाचकांचे प्रश्न : ताई-दादांची सोबत

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेतल्या, गळतीच्या काठावर असलेल्या मुलांना सोबत द्यावी, असं मनात आहे. योजनेत वर्षाला द्यायच्या १२० तासांत हे बसेल का? उपयोग होतो का?
(कार्यक्रम अधिकारी, बीड जिल्हा)

उत्तर : उपयोग होतो, पण सोबत टिकली तरच. मुलांना मोठ्या माणसाची सोबत जोडून देणाऱ्या अमेरिकेतल्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ संस्थेच्या कामाचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात १० ते १६ वयोगटातली ९५९ मुलं होती. ज्यांना मोठ्या माणसाची सोबत मिळाली, त्यांनी इतरांच्या निम्म्याहून कमी दिवस शाळा बुडवली. पण हीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा दिसलं, की सर्वाधिक फायदा वर्षभर टिकलेल्या जोड्यांत होता आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांना स्वतःबद्दल वाटणारी किंमत उलट घटली होती. ‘दादा येईनासा झाला’ याचा अर्थ मूल ‘माझंच काहीतरी चुकलं’ असा लावतं. म्हणून पन्नास उत्साही नावांपेक्षा नेमाने येणारी बारा घ्या.

तासांचा हिशेब सोपा आहे. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास, ३० आठवडे, म्हणजे ९० तास. उरलेल्या ३० पैकी १२ प्रशिक्षणाला, १८ पालकभेटी आणि नोंदवहीला. सात दिवसांचं विशेष शिबिर यात धरू नका. सुरुवात जुलैतच करा. जानेवारीत सुरू केलं, तर ओळख होईपर्यंत तुमच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा येतात. इस्रायलमध्ये १९७४ पासून चालणाऱ्या ‘पेराख’ उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थी मुलांना अशीच सोबत देतात आणि या वेळेच्या बदल्यात त्यांना शुल्कात सवलत मिळते. तुमच्याकडे निदान बसभाडं तरी द्या. गरीब घरचे विद्यार्थी बहुधा पैशापायी गळतात, मन उडाल्यामुळे नव्हे.

तुमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास मुलं आईबापांसोबत ऊसतोडीला जातात. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहण्याची सोय होईल का, हे सप्टेंबरमध्येच घरी जाऊन विचारा. मूल गेलंच, तर मुकादमाचा किंवा पालकांचा फोन नंबर घेऊन ठेवा आणि ठरल्या वारी दहा मिनिटं बोला. परतल्यावर तोच दादा समोर असला, की मुलाची शाळेची वाट सोपी होते.

प्रश्न : माझ्याकडे सोपवलेल्या सहावीतल्या मुलीला दुसरीचा धडाही वाचता येत नाही. गृहपाठ करून घेऊ का?
(द्वितीय वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी)

उत्तर : नको. गृहपाठ घेतलास, की तू फुकटची शिकवणी होतेस आणि तिला रोज हरायला लावतेस. आधी पातळी बघ : अक्षरं, सुटे शब्द, चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. जिथे अडखळते त्याच्या एक पायरी खालून सुरू कर. पहिली पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा. मग अर्धा तास वाचन : आधी तू बोट फिरवत वाच, मग दोघी मिळून, मग ती एकटी. वीस मिनिटं हातच्याची बेरीज-वजाबाकी काड्यांचे गठ्ठे करून, उरलेला वेळ खेळ. निघताना पुढचा वार तिच्याच वहीत तिला लिहायला सांग. येणार नसशील तर आदल्या दिवशी शाळेत कळव. खाऊ, कपडे, पैसे देऊ नकोस. त्याने बाकीची मुलं दुखावतात आणि घरच्यांना उपकाराचं ओझं वाटतं.

प्रश्न : सुरक्षिततेचं काय?
(मुख्याध्यापक)

उत्तर : पालकांची लेखी संमती घ्या. भेट व्हरांड्यात किंवा दार उघड्या वर्गात, शिक्षकांच्या नजरेत व्हावी. मोबाइलवर फोटो काढू देऊ नका. विद्यार्थ्यांना आधीच बजावा : ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला द्यायचं नाही. मारहाण, लैंगिक त्रास किंवा बालविवाहाची कुणकुण लागली, तर मुलाला खोदून प्रश्न विचारू नयेत. त्याचे शब्द तसेच लिहून त्याच दिवशी तुम्हाला सांगावेत. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मदतीसाठी मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ क्रमांक आहेच.

शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी जाणार असेल, तर महिनाभर आधी मुलाला सांगू द्या आणि नव्या ताई-दादासोबत निदान दोन भेटी एकत्र होऊ द्या.